लांकडी कंदील : करवतीपासून किरणापर्यंत

वाऱ्यापासून ज्योतीचें रक्षण करावें, पण तसें करतांना तिचा उजेड अडूं नये, या दोन परस्परविरुद्ध गरजांतून कंदील जन्मास आला. त्याचें नांवही मोठा प्रवास करून आपल्या घरीं आलें आहे. लॅटिन भाषेंत ‘कांदेला’ म्हणजे मेणबत्ती. हा शब्द ग्रीकांकडून अरबांकडे गेला, तेथें त्याचा ‘किंदील’ झाला, आणि पुढें तो मराठींत ‘कंदील’ म्हणून स्थिरावला. वेदीवरील मेणबत्ती आणि ओटीवरील कंदील हीं अशा रीतीनें एकाच कुळांतलीं भावंडें आहेत.

हल्लीं नाताळाच्या सुमारास पातळ फळ्यांवर लेसर यंत्रानें नक्षी कापून केलेले लांकडी कंदील आपल्या तरुण मंडळींच्या आवडीचे झाले आहेत. अशा कंदिलाचा पूर्वेतिहास आणि त्याच्या घडणीचें मर्म वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लांकडी कंदिलाचा एक फार जुना लेखी दाखला इंग्लंडच्या इतिहासांत सांपडतो. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (राज्यकाल इ. स. ८७१ ते ८९९) याचें चरित्र आसर नांवाच्या वेल्श संन्याशानें, जो पुढें शेरबर्नचा बिशप झाला, ८९३ सालीं लॅटिनमध्यें लिहिलें. दिवसरात्रींतील अर्धा वेळ ईश्वरसेवेस द्यावा असा राजाचा संकल्प होता. पण ढगाळ दिवशीं आणि रात्रीं वेळ मोजावा कसा? राजानें बारा इंची सहा मेणबत्त्या करविल्या; त्या एकामागून एक जळून चोवीस तासांत संपत. परंतु देवळांच्या दारांखिडक्यांतून, भिंतींच्या फटींतून आणि तंबूंच्या कापडांतून वारा शिरे, मेणबत्ती वेळेआधींच जळून जाई आणि हिशेब चुके. तेव्हां राजानें लांकूड आणि बैलाचें शिंग यांचा कंदील करविला. शिंग तासून इतकें पातळ केलें कीं तें कांचेसारखें पारदर्शक झालें. तो कंदील सुरेख होता असें आसर म्हणतो. पण तो जन्मला तो वाऱ्यामुळें आणि एका संकल्पामुळें, हें विसरतां येत नाहीं.

उजेडाला वाट देणारें लांकूडकाम आपल्याकडेही नवें नाहीं. गोमंतकांतील जुन्या घरांच्या खिडक्यांत कांचेऐवजीं शिंपल्यांच्या पातळ चकत्या लांकडी पट्ट्यांत बसवीत. त्यांतून ऊन गाळून घरांत येई. जाळीची कला तर हिंदुस्थानची खास. अहमदाबाद येथील सिदी सय्यद मशिदीची १५७२-७३ मधील दगडी जाळी पाहणारास तिच्या वेलबुट्टीचें कौतुक वाटतें. परंतु जाणत्या कारागिराची नजर तिच्या जोडांकडे जाते. जें कोरून काढलें तें गेलें. जें उरलें तें सर्व एकमेकांस धरून उभें राहिलें पाहिजे, हा जाळीचा पहिला आणि शेवटचा नियम होय.

लांकडांत अशी नक्षी कापण्यासाठीं युरोपांत तारेसारख्या बारीक पात्याची करवत प्रचारांत आली. पॅरिसचा आंद्रे-शार्ल बूल (१६४२-१७३२) याच्या कारखान्यांत अशाच कापकामानें पितळ आणि कांसवाची पाठ यांची जडावाची नक्षी होत असे. एकोणिसाव्या शतकांत पायानें चालणाऱ्या नक्षीच्या करवती हौशी लोकांच्या घरोघरीं पोंचल्या. नक्षींतील प्रत्येक आंतल्या तुकड्यासाठीं भोंक पाडावें, पातें सोडवून त्यांतून ओवावें, पुन्हां ताणावें आणि मग कापावें, असें हें सावकाशीचें काम होतें.

या कामाची गति ज्या शोधानें पालटली, त्याचा आपल्या प्रांताशीं संबंध आहे. आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं मांडलेल्या तत्त्वावरून थिओडोर मेमन यांनीं १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत कृत्रिम माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण निर्माण केला. त्यानंतर १९६४ सालीं बेल लॅबोरेटरीजमध्यें कर्बद्विप्राणिल, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, वायूचा लेसर सिद्ध झाला. त्याचे जनक चंद्रकुमार नारणभाई पटेल हे १९३८ सालीं बारामतीस जन्मले आणि १९५८ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर झाले. त्यांच्या लेसरचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं, पण लांकूड तो चांगला शोषून घेतें आणि जेथें तो एकवटतो तेथें क्षणांत जळून चीर पडते. लांकडावर त्याचा धंद्यांत उपयोग प्रथम शोभेसाठीं झाला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत पुठ्ठ्याचीं खोकीं कापण्याच्या साच्यांसाठीं प्लायवुडच्या फळ्यांत अचूक चिरा पाडण्याकडे तो वापरला गेला. नक्षीचा कंदील हा त्या साच्यांचा धाकटा भाऊ म्हणावयास हरकत नाहीं.

आतां घडणीविषयीं. तीन मिलिमीटर म्हणून घेतलेली फळी पुष्कळदां तितकीच भरत नाहीं. म्हणून आधीं ती मोजावी. किरणाची चीर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून पांचव्या हिश्शापर्यंत लांकूड खाते. तितकी खांच आराखड्यांत अरुंद ठेवली नाहीं, तर जोड ढिला बसतो. नक्षींतील कोणताही भाग चोहोंकडून कापला गेला तर तो गळून पडतो. दिव्याचा ठिपका उघडा ठेवल्यास भिंतीवर नक्षीची छाया उमटते. आंतून पातळ कागद लावल्यास तोच उजेड मऊ होऊन पसरतो. आल्फ्रेडच्या शिंगाचें काम आज तो कागद करतो. यंत्र चालूं असतां त्याजवळून हलूं नये, धूर बाहेर जाण्यास वाट असावी, आणि अशा कंदिलांत मेणबत्ती न लावतां विजेचा थंड दिवाच ठेवावा.

यंत्रानें श्रम वांचविले, याविषयीं वाद नाहीं. पण करवतीच्या काळीं विचार हाताबरोबर चालत असे. एक पाकळी कापतांना दुसरीचा दोष ध्यानांत येई आणि कारागीर हात आवरी. किरण कांहीं मिनिटांत सारें कापून मोकळा होतो. म्हणून विचार सगळा आधींच संपवावा लागतो. दुसऱ्याचा तयार आराखडा घेणारा हा विचारही टाळतो, आणि मग त्याच्या हातीं कंदील येतो, विद्या येत नाहीं. लांकडाची रेघ कोठें तुटेल आणि कोठें तग धरील, हें ज्यांच्या बोटांस ठाऊक आहे असे वृद्ध सुतार आज आपल्यांत थोडे उरले आहेत. त्यांच्यामागें तें ज्ञान कोणत्याही यंत्रांत सांपडणार नाहीं. तरुणांनीं आपला आराखडा यंत्राकडे नेण्यापूर्वीं एकवार त्यांच्यापुढें ठेवावा, आणि वडील मंडळींनींही यंत्राचा राग न धरतां त्यावर बोट ठेवून ‘येथें मोडेल’ असें सांगावें. दोन पिढ्यांनीं मिळून एवढें केलें, तरी पुढच्या नाताळांत देवळाच्या दारीं लागणारा कंदील खरोखर आपला असेल.