वसईची वाडी, मुंबईचा बाजार

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. दोन वर्षांनी क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. रेल्वे येईपर्यंत वसईच्या मालाला खाडीची आणि समुद्राची वाट होती. आता पहाटे तोडलेली भाजी सकाळीच शहरात पोचू लागली.

वाडी मात्र त्याहून जुनी. कुपारी, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, माळी अशा समाजांनी आगाशी, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. जमीन थोडीच, पण तिचा कोपरान्‌कोपरा कामाला लावलेला. नारळाच्या सावलीत केळी, केळीच्या आडोशाला पानवेल, बांधावर अळू, मोकळ्या वाफ्यात वांगी नि पालेभाज्या. एका पिकाचा भाव पडला तरी दुसरे घर चालवी.

या सगळ्याच्या मुळाशी होते बावखल. वाडीच्या सखल भागात खणलेले हे तळे पावसाने भरे आणि ते पाणी हळूहळू जमिनीत मुरे. समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या, त्यात या मुरलेल्या पाण्याचा वाटा मोठा होता. विहिरीवर बैलाचा रहाट फिरे आणि पाटाने पाणी आळ्याआळ्यांत जाई. इंजिनीअर नसलेल्या शेतकऱ्यांनी उभी केलेली ही व्यवस्था कोणत्याही धरणाइतक्याच आदराने पाहावी अशी आहे.

सगळा माल काही ताजाच विकला जात नसे. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात वाळवायची, रात्री झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची. काही दिवसांत ती मधाच्या रंगाची, चिवट आणि गोड होतात. हीच सुकेळी. ताजे केळे दोन दिवसांत काळे पडते, सुकेळी मात्र कितीतरी दिवस टिकतात.

विक्री बहुतेक बायकांच्या हाती. लाल लुगडे नेसलेल्या कुपारी बाया पाट्या घेऊन पहाटेची गाडी पकडत आणि मुंबईत दारोदार भाजी विकत. मोगऱ्याच्या कळ्या दादरच्या फुलबाजारात जात. गिऱ्हाईक ओळखीचे, दलाल नाही, पैसा थेट घरात. वसईतल्या कितीतरी मुलांची शिक्षणे या पाट्यांवर झाली.

पुढे त्याच लोहमार्गाने शहर वसईत आले. पंप आले, उपसा वाढला. इमारतींसाठी टँकर विहिरींतून पाणी नेऊ लागले आणि कित्येक विहिरी मचूळ झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. बागायतीचा काही पट्टा आज दिसतो, त्यामागे त्या लढ्याचे बळ आहे.

तरीही बावखलांत भराव पडतोच आहे. उरलेल्या प्रत्येक बावखलाची महापालिकेच्या नकाशावर नोंद व्हावी आणि तिथे भरावाला बंदी असावी, एवढी मागणी तरी वसईकरांनी सोडू नये.