सुदामा, चिमणराव आणि पडद्यावरील विद्वान

व्यवहारात पदोपदी अडखळणारा बुद्धिमान मनुष्य ही दूरचित्रवाणीवरील विनोदाची एक प्रस्थापित व्यक्तिरेखा आहे. ‘द बिग बँग थिअरी’ (२००७–२०१९) या अमेरिकन मालिकेतील भौतिकशास्त्रज्ञ शेल्डन कूपर हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. तिची मराठी पूर्वपीठिका शोधताना प्रथम चिमणराव आठवतो. परंतु हा शोध त्याच्याही मागे, वऱ्हाडापर्यंत न्यावा लागतो.

अकोल्यात शिकलेल्या आणि पुढे अकोला, खामगाव, जळगाव-जामोद येथे वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १९०२ पासून लिहिलेले विनोदी लेख ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने ख्यात आहेत. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्यांतील त्रिकूट. सुदामा मूर्ख आहे असे म्हणणे अपुरे ठरेल. रूढींच्या समर्थनार्थ तो उभारतो त्या युक्तिवादाचा पाया खोटा असतो, बांधकाम मात्र कसबी असते. (ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिणाऱ्या वकिलाच्या बुद्धीचाच हा उलटा विनियोग नव्हे काय?) महत्त्वाचे असे की, हे सारे सुदामा स्वतः सांगतो. आपल्या विसंगतीचा साक्षीदार तोच, आणि ती दिसत नाही तीही त्यालाच. ती ओळखण्याची जबाबदारी वाचकावर येते.

हे प्रथमपुरुषी निवेदन गडकऱ्यांच्या बाळकरामातून चिं. वि. जोशींपर्यंत पोहोचले. पालीचे व्यासंगी अभ्यासक असलेल्या जोशींनी आपली विद्वत्ता चिमणरावाला दिली नाही; दिले ते भिडस्तपण आणि निवेदकाचा अधिकार. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने चिमणराव पडद्यावर आणला. त्या केंद्राचे प्रक्षेपण तेव्हा वऱ्हाडात पोहोचत नव्हते. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या वाचकाला चिमणराव प्रथम भेटला तो त्याच्याच शब्दांतून, दिलीप प्रभावळकरांच्या मुद्रेतून नव्हे. हा फरक केवळ भौगोलिक नाही. प्रभावळकरांनी त्या भूमिकेत विलक्षण ऋजुता आणली, हे निर्विवाद. तरीही कॅमेऱ्यासमोर चिमणराव बोलण्यापूर्वीच दिसतो. जो सांगत होता तो पाहिला जाऊ लागतो, आणि हसण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडे जातो.

शेल्डनच्या बाबतीत हे स्थित्यंतर पूर्ण होते. त्याच्या फळ्यावरील समीकरणे बिनचूक असावीत म्हणून निर्मात्यांनी डेव्हिड साल्ट्झबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला. म्हणजे प्रतिभा आधी प्रमाणित करायची आणि मग चित्रीकरणास हजर असलेल्या प्रेक्षकांनी तिच्या विक्षिप्तपणाला हसायचे. प्रतिभेमुळे त्याला क्षमा मिळते. चिमणरावाला अशी सवलत नाही, सुदाम्याला तर तिची गरजच वाटत नाही.

आमच्या वर्गातील अबोल, पुस्तकी मुलाला त्याचे मित्र हल्ली ‘शेल्डन’ म्हणतात. त्या नावात थोडा आदरही असतो, म्हणून तो मुलगा ते चालवून घेतो. मात्र त्याचे स्वतःचे म्हणणे काय, हे त्याला कोणी विचारलेले मी अद्याप ऐकलेले नाही.