जात्यावरची स्मृती

पांझरेकाठच्या देवपुरापासून जळगावजवळच्या आसोद्यापर्यंत खानदेशातील ओव्यांचे कोठार स्त्रियांच्या स्मरणातच होते. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तरी गाणी त्यांच्या ओठी नांदत.

हे स्मरण मेंदूत कोठे वसते? अमेरिकेत १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून हेन्री मोलेसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. नवे प्रसंग त्यांच्या ध्यानी राहीनात. बालपण मात्र आठवे, हाताचे नवे कसबही अंगवळणी पडे. म्हणजे हिप्पोकॅम्पस आठवण विणतो, कालांतराने ती मेंदूच्या बाह्यकात स्थिरावते, हाताची लय अनुमस्तिष्कादी केंद्रे सांभाळतात. ओवी आठवताना ही सारी एकत्र राबतात, असे आम्ही समजतो.

बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या. पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपलेली गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली. न टिपलेली त्यांच्यासवेच गेली. आपल्या घरच्या आजीची ओवी आपण टिपली आहे काय?