बिनतिकिटाची बस

१४. 'ड्रायव्हरने पैसे घेतलेच नाहीत' : लेखकाला ही मेहेरबानी वाटली, पण ती नव्हे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील व्हिडबी बेटावर 'आयलंड ट्रान्झिट'ची बससेवा १९८७ मध्ये सुरू झाली, तीच मुळी बिनतिकिटाची. खर्चाचा मोठा भाग स्थानिक विक्रीकरातून निघतो. या कराला मतदारांनी १९८३ मध्ये कौल दिला होता. म्हणजे दुकानात साबण घेणारा माणूस बसचे भाडे भरतोच, मग तो बसमध्ये चढो न चढो. विरळ वस्तीत तिकिटे फाडण्याचा नि रोकड मोजण्याचा खटाटोपच महाग पडतो, हे उघड आहे. कॅमानो बेटही व्हिडबीच्याच काउंटीत येते आणि तिथेही याच गाड्या धावतात. मात्र दोन बेटांत थेट पूल वा फेरी नाही, मुख्य भूमीवरून वळसा घ्यावा लागतो. व्हिडबीच्या क्लिंटन धक्क्यावरच्या बोटीचा रिवाज आणखी मजेशीर : पायी प्रवाशाला भाडे पडते ते बेटावर येताना, परतताना नाही. लेखकाची पुढची 'फुकट ते पौष्टिक' ही थट्टा मात्र अन्यायाची आहे. २०१४ मध्ये पैशाची ओढाताण झाली तेव्हा या बससेवेत फेऱ्याही घटल्या आणि माणसेही.