जुनं गिऱ्हाईक

वसमतच्या मोंढ्यात अण्णांनी सव्वीस वर्षं आडत बदलली नाही. आमची हळद एकाच ओट्यावर उतरायची. शेठ गादीवरूनच म्हणायचे, "या पाटील, बसा." मग चहा यायचा, माझ्यासाठी बशीतून. दिवाळीला मिठाईचा पुडा, नव्या वर्षाचं कॅलेंडर, ताईच्या लग्नात साडीचा आहेर. आईला त्याचं फार अप्रूप.

या नात्याचं मूळ मात्र हळदीतच होतं. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी कालव्यानं आलं आणि आमच्याकडे बागायत वाढली. पण हळद हे थांबायला लावणारं पीक. हेक्टरी 25 क्विंटलच्या आसपास बेणं लागतं. नऊ महिने ती जमिनीत, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, घोळणं. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडेपर्यंत घरात पैसा नाही. ती नड शेठ भागवायचे. त्याला उचल म्हणायचे. कागद नाही, जामीन नाही, फक्त लाल वहीत एक ओळ. अट कुणी बोलून दाखवत नसे, पण माल दुसरीकडे न्यायचा नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं. पट्टी व्हायची तेव्हा आडत, हमाली, तोलाई आणि शेवटी उचल व्याजासकट वजा व्हायची.

एकदा शेजारच्या ओट्यावर भाव चढा होता. मी म्हणालो, तिकडे नेऊ. अण्णा म्हणाले, "अन् पुढच्या साली बेण्याला कोण देईल?"

बाजार सुधारण्याचे कायदे इकडे जुने आहेत. शेजारच्या वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी 1897 मध्येच कायदा झाला. निजामाच्या राज्यात 1930 मध्ये आला, महाराष्ट्राचा 1963 चा. रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे सौदे जाऊन उघड लिलाव आला, आडत्याला परवाना लागला, काटे तपासले जाऊ लागले. सौदा रुमालाबाहेर आला, लाल वही मात्र गादीखालीच राहिली.

जुनं गिऱ्हाईक मीही आहे. माझा मोबाइल वीस वर्षं एकाच कंपनीचा. तिथं चहाही नाही. नव्या ग्राहकाला सवलत, मला दरवाढीचा संदेश. 20 जानेवारी 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. मागच्या वर्षी वैतागून मी 1900 वर पोर्टचा संदेश टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "सर, तुम्ही आमचे जुने ग्राहक आहात, तुमच्यासाठी खास ऑफर आहे." वीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला माझं जुनेपण आठवलं, तेही मी उंबऱ्यावर उभा राहिल्यावर.

शेठनी आम्हाला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. बँक दारात उभी करत नव्हती तेव्हा त्यांनी बेणं दिलं. पण जुन्या गिऱ्हाइकाचा मान आणि त्याच्या गळ्यातलं दावं एकाच दोरीचं होतं. जो जाऊच शकत नाही, त्याच्या निष्ठेला भाव कुणी कशाला देईल?

पुढे सोसायटीचं पीककर्ज मिळालं आणि अण्णांनी उचल फेडली. त्या साली त्यांनी पहिल्यांदा तीन ओट्यांवर भाव विचारला आणि माल जुन्याच शेठकडे घातला. भाव त्यांनीच जास्त दिला होता. अण्णांच्या वहीत त्या पानावर दोनच शब्द आहेत : बाकी निरंक.