पन्नास पावलांचा किनारा

जुन्या पिढीतल्या बायका साखरेला नुसती साखर म्हणत नसत, ‘मोरस साखर’ म्हणत. गूळ रोजच्या स्वयंपाकाला, खडीसाखर देवापुढे आणि मोरस पाहुण्यांच्या चहाला व दिवाळीच्या करंज्यांना, अशी त्यांची वाटणी असे. ‘मोरस म्हणजे काय?’ असे विचारले तर ‘पांढरी, बारीक’ एवढेच उत्तर मिळे. पण मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बेटावरची साखर मुंबई बंदरात पोत्यापोत्यांनी उतरे आणि तेथून गावोगावच्या वाण्यांकडे जाई. गुजराती घरांत तर साखरेला अजूनही ‘मोरस’च म्हणतात. हिंदी महासागरातले हे एवढेसे बेट अशा रीतीने आपल्या फराळाच्या ताटात कधीच येऊन बसले होते.

त्या बेटावर भाद्रपदात आम्ही उभयता आठ दिवस राहून आलो. राहिलो ते नैर्ऋत्य टोकाला, ‘ल मोर्न’ नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात. भर हंगामात असल्या ठिकाणी पाऊल टाकण्याची आमची ऐपत नव्हे. परंतु तिथले ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर हा तिथला थंडीचा काळ. थंडी ती केवढी, तर रात्री अंगावर एक शाल पुरते! पण आग्नेयेकडून वारा सारखा वाहत असतो, पाण्यात शिरताना अंगावर शहारा येतो, आणि युरोपातल्या मंडळींना त्या महिन्यांत आपल्या घरचेच ऊन पुरत असल्यामुळे ती इकडे कमी फिरकतात. मग खोल्यांचे दर उतरतात आणि आमच्यासारख्यांची वर्णी लागते.

आडहंगामात राहण्याचा खरा लाभ मात्र पैशांचा नव्हे, तर तिथल्या माणसांना बोलायला सवड असते, हा आहे. सकाळी जेवणघरात टेबलांपेक्षा वाढपी अधिक दिसत. बाहेर सुरूच्या झाडांतून वारा घोंघावे. दूर प्रवाळांच्या भिंतीवर लाटा फुटून पांढरी रेघ उमटे, आणि त्या रेघेच्या आतले पाणी तळ्यासारखे निवांत असे. पाठीमागे ५५६ मीटर उंचीचा तो काळा डोंगर. अशा जागी आठ दिवस काही न करता बसले, की मनात प्रश्न येऊ लागतो: ही जागा आहे तरी कुणाची?

तो मी हॉटेलातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना विचारला. ते हसून म्हणाले, “काका, हॉटेलची नाही. पन्नास पावले सरकारची.”

या पन्नास पावलांची कथा ऐकण्याजोगी आहे. मॉरिशसवर प्रथम डच आले. १५९८ साली त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव दिले, पुढे जावा बेटातून ऊस आणि हरणे आणली, डोडो पक्षी नामशेष होऊ दिला आणि १७१० साली गाशा गुंडाळला. १७१५ साली फ्रेंचांनी ते घेतले. १७३५ साली आलेल्या माहे द ला बुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई हे बंदर बांधून काढले. बेटाला भीती असे ती इंग्रजी आरमाराची. म्हणून फ्रेंच अमलात असा दंडक होता, की भरतीच्या रेषेपासून आत पन्नास पावले, म्हणजे सुमारे ८१ मीटर, एवढी पट्टी राजाची. तोफा तिथे बसवायच्या, सैन्य तिथून हलवायचे. १८०७ साली शेवटचा फ्रेंच गव्हर्नर दकाएँ याने हा नियम पुन्हा पक्का केला. ही पट्टी विकता येत नाही आणि वर्षानुवर्षे वहिवाटली तरी कुणाच्या मालकीची होत नाही.

१८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. तोफा गंजल्या, पण नियम टिकला. आज किनाऱ्यावरची बहुतेक मोठी हॉटेले याच पट्टीवर सरकारच्या भाडेपट्ट्याने उभी आहेत. आमची आरामखुर्ची जिथे मांडलेली होती, ती जागा मुळात पहाऱ्याची!

पहारा बाहेरच्या शत्रूवर होता, तसा आतल्या माणसांवरही होता. उसाचे मळे फ्रेंचांनी मुख्यतः मोझांबिक आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांकडून कसून घेतले. काही गुलाम आपल्या देशातूनही नेलेले होते. १७२३ च्या गुलामांच्या कायद्यात असे कलम होते, की महिनाभर पळालेला गुलाम सापडला तर त्याचे कान कापावेत आणि खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडावी, तिसऱ्यांदा पळाला तर देहान्त. इतके असूनही माणसे पळत, आणि त्यांतली कित्येक याच ल मोर्न डोंगराच्या कड्याकपारींत जाऊन राहत. ‘मोर्न’ या फ्रेंच शब्दाचा उदास असाही एक अर्थ आहे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. लोक सांगतात, की ही बातमी कळवायला शिपाई डोंगर चढून वर गेले. वर लपलेल्यांना वाटले, आपल्याला धरायला आले. बेड्या पुन्हा नकोत म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही कथा सरकारी दप्तरातली नव्हे, लोकांच्या तोंडची आहे. पण तिच्यातले भय खोटे म्हणवत नाही. कागदात जे आहे ते निराळे. मुक्ततेची भरपाई म्हणून मॉरिशसच्या मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांना काहीच मिळाले नाही, उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. २००८ साली युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारशाचा मान दिला.

गुलाम सुटले, पण ऊस कापायला हात हवेतच. मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला आले. पंचांगाचे गणित मागे नेले तर त्या वर्षीची आश्विन अमावास्या १ नोव्हेंबरच्या सुमारास येते. म्हणजे ती माणसे परक्या धक्क्यावर उतरली ती दिवाळीत. आज तिथे २ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बंदरात उतरली. १८४९ साली बांधलेल्या ठाण्याला आता ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या अजून शाबूत आहेत. आम्ही त्या चढलो. चढायला अर्धे मिनिटही लागत नाही.

करार बहुधा पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ. ऐकायला बरे वाटते. पण त्यात एक मेख होती. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापीत. आजाऱ्याची गत तीच. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती केली. परवाना जवळ नसला तर तो भटक्या ठरे आणि तुरुंगात जाई. अदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने १८७१ साली मजुरांच्या बाजूने अर्ज केला. त्यानंतर चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला आणि जुलमाचा पाढा छापून निघाला.

या माणसांत आपलीही होती. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे आणि सावंतवाडीकडचे पुष्कळ. मोका येथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण असे सगळे नोंदलेले असते. ‘पन्नास पावले’ सांगणारे ते गृहस्थ या कोकण्यांपैकीच निघाले. बोलणे क्रेओलमध्ये, पण मराठी शाळेत शिकलेले, म्हणून शुद्ध आणि सावकाश. आपला खापरपणजा रत्नागिरीचा, एवढे त्यांना ठाऊक होते. मी मोरस साखरेची गोष्ट सांगितली तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे इथे त्यांनी ऊस कापला, आणि तिकडे त्यांच्याच गावात साखर गेली?” या वाक्यापुढे मला काही सुचले नाही.

मग हे सुंदर किनारे इतकी वर्षे कुणाला कसे दिसले नाहीत? कारण किनारा म्हणजे हिवताप. १८६७ च्या साथीत तीस हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि पोर्ट लुईतली श्रीमंत मंडळी उंचावरच्या क्युरपीपकडे राहायला गेली. सखल किनारा कोळ्यांना आणि मजुरांना उरला. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. फवारून हिवताप हटवला, तेव्हा कुठे श्रीमंतांना वाळू आवडू लागली. १९६८ साली, बेट स्वतंत्र झाले त्या वर्षी, तिथे पंधरा हजारांच्या आसपास प्रवासी आले. २०१८ साली ते सुमारे चौदा लाख झाले. साखरेचा भाव युरोपातल्या कराराने बांधलेला होता. २००९ साली ती हमी गेली, आणि काही ठिकाणी उसाच्या शेतांत बंगले उभे राहिले.

अशा रीतीने साखर विकणारे बेट आता विश्रांती विकते. मला वाटते, त्या बेटाचा सारा इतिहास या एका शब्दात मावतो: विश्रांती कुणाला? गुलामाला ती चोरून, कान गमावण्याच्या बोलीवर घ्यावी लागली. रात्री शेकोटीवर बकऱ्याच्या कातड्याचा ‘रवान’ तापवून तो नाचला, त्यातून ‘सेगा’ जन्मला. तोच सेगा हॉटेलात जेवणानंतर पाहुण्यांना दाखवतात. गिरमिट्याला एका दिवसाच्या विश्रांतीपायी दोन दिवसांची मजुरी द्यावी लागली. आम्ही ती सवलतीच्या दराने विकत घेतली.

पण अजून एक वारसदार आहेत. भरतीच्या रेषेखालची वाळू कायद्याने सर्वांची आहे, हॉटेलवाल्याची नव्हे. रविवारी गावातली कुटुंबे पातेली, चटया, म्हाताऱ्या आज्या घेऊन किनाऱ्यावर आली. हॉटेलचा एक रखवालदार त्यांना पुढे जायला सांगू लागला. त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ उठले, भरतीने टाकलेल्या शेवाळाच्या रेषेपर्यंत चालत गेले, काठीने ती रेषा दाखवली आणि परत येऊन बसले. रखवालदारही त्याच गावचा असावा, कारण तो खाली मान घालून हसला आणि निघून गेला. थोड्या वेळाने आमच्याकडे दोन दालपुऱ्या आल्या.

त्याच आठवड्यात गणेशचतुर्थीची सुट्टी होती. तो तिथे राष्ट्रीय सण आहे. पश्चिम किनाऱ्यावर गणपती विसर्जनाला निघाले. पुढे झाकरी, म्हणजे आपली कोकणातली जाखडी, नाचत होती, आणि मागून फुलाफुलांच्या साड्या नेसलेल्या बायका. आमचे पन्नास पावलेवाले स्नेही त्या दिवशी रजेवर होते. भरपगारी रजेवर! मिरवणुकीत त्यांनी मला पाहिले, हात केला, आणि गणपती डोक्यावर घेतलेल्या मुलाला सांभाळीत ते वाळू ओलांडून पाण्यात शिरले.