हिरड्याचे वेढे

आमच्या घरी आजीची सहाण अजून आहे, मधोमध खोलगट झालेली. तिच्यावर तीन पिढ्यांची बाळघुटी उगाळली गेली. हळकुंड, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ आणि हिरडा. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. बाकीच्यांचे आजी मनात मोजायची, हिरड्याचे मात्र मोठ्यानं. एखादा जास्त पडला तर सहाण धुऊन पुन्हा सुरुवात. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये, असं आता डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. माझ्या नातवाला आम्ही घुटी दिली नाही. पण आजीची ती मोजणी मी विसरले नाही.

आमचं गाव पोलादपूरच्या अंगाला, आंबेनळीच्या पायथ्याशी. नावात आंबा असला तरी घाट चढून महाबळेश्वराच्या रानात शिरलं की जांभूळ, अंजन, पिसा आणि हिरडा. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झोडायचा, हिवाळ्यात पिकला की मोठा हिरडा वेचायचा. तो उन्हात वाळवून सुरकुतला की पोती भरायची. बायका ती डोक्यावरून उतरवत.

ही वाट जुनी. गाडीरस्ता होण्याआधी बैलांचे तांडे प्रतापगडाजवळच्या पारघाटानं ये-जा करत. मीठ आणि सुकी मासळी वर, देशावरचं धान्य आणि रानातला माल खाली. पुढे आंबेनळीच्या घाटात रस्ता झाला आणि 1867 ते 1872 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फिट्झगेराल्ड यांचं नाव त्याला मिळालं. आमच्या तोंडी मात्र आंबेनळीच राहिलं. महाडला उतरलेला माल सावित्रीच्या खाडीनं बाणकोटला आणि तिथून समुद्रमार्गे मुंबईला जाई.

मुंबईहून हिरडा विलायतेला जात असे, तो औषधासाठी नव्हे, कातडी कमावण्यासाठी. तिकडच्या बाजारात हिरड्याच्या प्रती बंदरांच्या आणि गावांच्या नावांनी ओळखल्या जात; त्यांत एक आपल्या वेंगुर्ल्याच्या नावाची होती. वाळलेल्या हिरड्यात तिसेक टक्के टॅनिन असतं. ते कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट बांधतं, म्हणून कातडं कुजत नाही. लोखंडाशी गाठ पडली की तेच काळंभोर होतं. ओला हिरडा विळीवर चिरला की पातं आणि बोटं काळी पडायची ती त्यामुळेच. हिरडा आणि हिराकस मिळून शाई व्हायची तीही त्यामुळेच. जेवणातल्या लोहालाही टॅनिन असंच धरून ठेवतं आणि ते अंगी लागू देत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या बाईनं रोज जेवणाबरोबर हिरड्याची पूड घेणं म्हणूनच बरं नव्हे. शिवाय हिरडा रेचक. प्रमाणात घेतला तर पोट साफ, जास्त झाला तर जुलाब आणि अंगातलं पाणी, क्षार दोन्ही जातात.

जुन्यांना हे ठाऊक होतं. हिरड्याला आईची उपमा देणारं संस्कृत वचन सगळ्यांना पाठ असतं. आई एखाद्या वेळी रागावेल, पोटातला हिरडा रागावणार नाही, असा त्याचा भाव. पण सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हिरडा कुणी खाऊ नये याचीही यादी आहे: वाट चालून थकलेला, अशक्त, कृश, उपासानं क्षीण झालेला, पित्त वाढलेला, रक्त काढलेला आणि गर्भवती स्त्री. चेतकी नावाच्या जातीबद्दल तर म्हटलंय की तिच्या सावलीत गेलं तरी पोट सुटतं. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, असं ऋतूप्रमाणे त्याचं अनुपानही बदलतं.

ती यादी मी फार उशिरा वाचली. तिचा अर्थ मला बारा वर्षांची असतानाच कळला होता. एकादशीचा दिवस होता. माझे धाकटे काका उपाशीपोटी घाट उतरून आले, पोट जड वाटतंय म्हणाले आणि डब्यातली हिरड्याची पूड मूठभर तोंडात टाकून वर तांब्याभर पाणी प्यायले. संध्याकाळपर्यंत त्यांचे डोळे खोल गेले, पायांत गोळे आले. आजीनं एकादशी बाजूला ठेवली आणि मीठ घातलेली तांदळाची पेज वाटीवाटीनं पाजत रात्र काढली. पहाटे काका उठून बसले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हिरडा आय हाय खरी. पन आय बी मारती, बाबा."

आता पोती उतरवणाऱ्या बायका राहिल्या नाहीत. पूड बाटलीत येते, गोळ्या घरपोच येतात. फळच आहे, झाडाचं आहे, मग जास्त घेतलं तर बिघडतं काय, असं शिकलेली माणसंही म्हणतात. कुणी सकाळ-संध्याकाळ चमचा भरून घेतं, कुणी गरोदरपणातही थांबत नाही. हिरडा तोच आहे, वेढे मोजणारं कुणी उरलेलं नाही.

आजीकडे कुणी हिरडा मागायला आलं की ती उठायच्या आधी विचारायची, "जेवलास काय? चालून आलास काय?" आणि सासुरवाशीण असली तर तिला आत नेऊन आणखी एक प्रश्न हळूच विचारायची. त्यानंतरच सहाण खाली घ्यायची. माझ्या दारात कुणी आलं तर मीही तेच विचारते.